घरामागे एक खोली वाढवायचीय, परवानगीची फाईल तीनदा परत आली. आता काय करू?

ओसरी
नमस्कार, इथे घर बांधलेली, वाढवलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतेय. जरा लांब झालंय, पण अर्धवट सांगितलं तर कळणार नाही.

आमचं घर दुमजली, झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वर. आईचे गुडघे आता पार गेलेत, जिना बंदच झालाय, सहा महिने ती खाली बैठकीच्या खोलीत झोपते आणि अंघोळीला तिला दोघांनी धरून वर न्यावं लागतं. रात्री उठायचं असलं की ती हाक मारायला संकोचते, पाणीच कमी पिते, हे मला नंतर कळलं. म्हणून मागच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली आणि लागून बाथरूम, बस्स. चार मीटर बाय साडेतीन, म्हणजे १४ चौरस मीटर.

आर्किटेक्ट नेमला, नकाशे केले, फाईल दिली. पहिल्यांदा परत आली कारण प्लॉटची मापं मालकीच्या कागदाशी जुळत नव्हती. परत मोजणी केली. दुसऱ्यांदा परत कारण सांडपाण्याची लाईन आणि चेंबर दाखवले नव्हते. ते दाखवले. आता तिसऱ्यांदा आलीय, म्हणे घराची मागची पडवी मंजूर नकाशात उघडी आहे आणि प्रत्यक्षात भिंती घालून बंद केलेली आहे. अहो ती आधीच्या मालकांनी बंद केलीय, आम्ही घर घेतलं तेव्हापासून तशीच आहे, आम्ही तिथे अडगळ ठेवतो!

चार महिने गेले. दर वेळी एकच हरकत सांगतात, ती दुरुस्त केली की दुसरी. खिडकीवर विचारलं तर साहेब साइटवर, साहेब मीटिंगमध्ये. ठेकेदार म्हणतो ताई काम सुरू करून टाका, नंतर बघू. एकाने एजंटचं नाव सुचवलंय. मला नियम मोडायचा नाहीये पण आईकडे बघवत नाही. आणि मागे मोकळी जागा सोडायची ती नेमकी कशाला, जमीन आमचीच आहे ना? कोणी यातून गेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

पत्रा_शेड
ताई मी सुरू केलं होतं. मागच्या बाजूचं काम, रस्त्यावरून दिसत नाही, दोन महिन्यांत उरकलं, आठ वर्षं झाली कोणी विचारलं नाही. आईसाठी करताय, चार महिने खूप झाले. माझं मत सुरू करा.

सळई
@पत्रा_शेड तुमचं निभावलं, चांगलं झालं, पण कृपया हा सल्ला देऊ नका. माझं सांगतो.

मी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, परवानगी येईलच म्हणून काम चालू केलं. लिंटेलपर्यंत भिंती आल्या आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली, त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होती, खिडकी त्यांच्या अंगणावर उघडत होती. दुसऱ्या दिवशी काम थांबवायची नोटीस. मग ती नोटीस मागे घेईपर्यंत अकरा महिने. कॉलमच्या वर ठेवलेल्या सळया सगळा पाऊस उघड्यावर राहिल्या, गंजून त्यांचे पापुद्रे निघायला लागले, इंजिनिअरने सांगितलं की वरचा भाग तोडून परत सळई जोडावी लागेल. ठेकेदार तोपर्यंत दुसरीकडे गेला होता. "नंतर बघू" म्हणणारा माणूस नोटीस आली तेव्हा फोन उचलत नव्हता, कारण नोटीस मालकाच्या नावाने येते.

आणि समजा कोणी विचारलं नाही तरी घर विकताना, तारण ठेवून कर्ज घेताना नकाशा आणि जागा जुळवून बघतातच. ओसरीताई, तुमची आत्ताची तिसरी हरकत तेच तर आहे. आधीच्या मालकांनी पडवी बंद करताना हेच म्हटलं असणार की मागे कोण बघतंय. त्याचे चार महिने आज तुम्ही भरताय.

टी_स्क्वेअर
मी बरीच वर्षं या टेबलाच्या पलीकडे बसून नकाशे तपासले आहेत, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या तीन हरकतींपैकी पहिल्या दोन किरकोळ होत्या, त्या आर्किटेक्टनेच फाईल देण्याआधी पकडायला हव्या होत्या. तिसरी खरी आहे, आणि ती नीट समजून घेतली तर पुढचं सोपं होईल.

मंजुरीचा शिक्का फक्त नव्या खोलीवर बसत नाही, तो पूर्ण शीटवर बसतो. शीटवर बंद पडवी "अस्तित्वात असलेलं बांधकाम" म्हणून दाखवली आणि मी सही केली, तर जे कधीच मंजूर नव्हतं ते माझ्या सहीने मंजूर झालं असा अर्थ निघतो. म्हणून कुठलाही तपासणारा तिथे थांबणार, चांगला असो वा आळशी. तुम्हाला अडवायला म्हणून नाही.

मग करायचं काय. आधी त्याच कार्यालयातून घराच्या जुन्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागा, झेरॉक्सवर विसंबू नका, घर विकणाऱ्याने दिलेली प्रत पुष्कळदा अर्धीच असते. मग आर्किटेक्टला सांगा की एक तक्ता करून द्या: या प्लॉटवर एकूण किती बांधकाम चालतं, मंजूर किती आहे, पडवी धरली तर किती होतं, पडवी अधिक नवी खोली धरली तर किती होतं. आणि मागच्या कुंपणापासून किती अंतर सोडायचंय, प्रत्यक्षात किती राहतंय. हा अर्ध्या पानाचा तक्ता तुमचं सगळं भवितव्य सांगेल. आकडे मर्यादेत बसत असतील तर पडवी नियमित करणं आणि नवी खोली, दोन्ही एकाच प्रस्तावात टाकता येतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी दंड किंवा जादा शुल्क भरून तशी सोय असते. बसत नसतील तर पडवीच्या भिंती काढून ती परत उघडी करायची किंवा ती पाडून तिची जागा नव्या बांधकामात धरायची. नकाशात जुनं, नवं आणि पाडायचं असं तिन्ही वेगवेगळ्या रंगात किंवा रेघांत दाखवावं लागतं, कुठला रंग कशाला ते तुमच्या नियमावलीत लिहिलेलं असतं, तेच वापरा, मनाने नको. चुकीच्या रंगापायी परत गेलेल्या फायली मी ढिगाने बघितल्यात.

आता "एकेक हरकत" याबद्दल. हे चूक आहे आणि तुमचा राग रास्त आहे. होतं असं की तपासणारा यादीतल्या पहिल्या मोठ्या चुकीवर थांबतो, शेरा मारतो, फाईल खाली ठेवतो. पुढची पानं उघडलेलीच नसतात. त्यावर उपाय एकच, एक साधं पत्र द्या: "आमच्या प्रस्तावातील सर्व त्रुटी एकत्रितपणे, संबंधित नियमाच्या क्रमांकासह, लेखी कळवाव्यात, म्हणजे एकाच वेळी पूर्तता करता येईल." एवढंच. तक्रारीचा सूर नको, मागच्या तीन तारखा फक्त लिहा. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं फाईलमध्ये नसतं, आणि जे फाईलमध्ये नाही ते झालंच नाही असं धरलं जातं. नियम क्रमांक मागितला की तपासणाऱ्याला पुस्तक उघडावंच लागतं, आणि मग अर्ध्या हरकती आपोआप गळतात.

एक वही करा. कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर कोणत्या पदाच्या माणसाला भेटलात, तो काय म्हणाला. फाईलवर निर्णय द्यायची मुदत किती दिवसांची आहे तेही नियमात बघून पहिल्या पानावर लिहा, आणि त्रुटी कळवल्यावर ती मुदत थांबते की परत पहिल्यापासून मोजतात हेही, कारण तिथेच लोकांचा हिशेब चुकतो. साहेबांना गाठायची घाई नको. फाईल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा आणि त्या कनिष्ठ माणसाला भेटा, टिपणी तोच लिहितो, वरचे बहुधा त्यावर सही करतात.

मागे मोकळी जागा कशाला विचारलंत. १६६६ साली लंडन जळालं ते मुख्यतः लाकडी, एकमेकांना चिकटलेल्या घरांमुळे, आग एका घरातून दुसऱ्यात उडी मारत गेली, आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात, रस्ते रुंद हवेत असा कायदा केला. न्यूयॉर्कने १९१६ साली उंच इमारतींनी वर जाताना मागे सरकत जायचं असा नियम केला, कारण खालच्या रस्त्यावर ऊनच पोचेना. तुमच्या मागच्या मोकळ्या पट्टीमागे हेच आहे, आग, हवा, उजेड, आणि कधी आत माणूस अडकला तर बाहेर काढायला वाट. तुमच्या आईसाठी खोली करताय तर ही वाट तुम्हालाच सगळ्यात जास्त लागणार आहे.

ओसरी
टी_स्क्वेअर काका, चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला कारण सांगितलं. खूप आभार. तक्ता मागितलाय. पडवी ५ मीटर बाय १.८, म्हणजे ९ चौरस मीटर. नवीन १४ धरून २३ वाढतात, आणि आर्किटेक्ट आता म्हणतोय की बांधकाम बसतंय पण मागचं अंतर ४० सेंटीमीटरने कमी पडतंय! हे त्याने आधी का नाही बघितलं माहीत नाही. त्याच्याशी जरा बोलले मी.

एजंटबद्दल कोणी सांगाल का?

गवंडीकाम
एजंटबद्दल मी सांगते, कारण मी नेमला होता. कागद खरंच पटापट हलले, मी खूश. नकाशा मी नीट बघितलाच नाही, तो आलाय मंजूर होऊन एवढंच बघितलं. बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला मागितला तेव्हा तपासणीला आलेल्यांनी टेप लावला आणि म्हणाले ही खिडकी इथे नाहीये, जिना असा नाहीये. एजंटने नियमात बसावं म्हणून कागदावर वेगळंच घर काढलं होतं. शेवटी सुधारित नकाशा, परत फी, परत सगळं. दाखला नाही म्हणून पाण्याचं वाढीव कनेक्शन अडकलं ते वेगळंच.

कागद पोचवायला, रांगेत उभं राहायला माणूस ठेवला तर हरकत नाही, नोकरी करून आपल्याला जमत नाही हे खरं आहे. पण शीटवर सही करण्याआधी स्वतः टेप घेऊन प्रत्येक माप बघा. आणि "वरचे द्यावे लागतील" म्हणणाऱ्याला हात जोडा, त्या पैशाची पावती नसते, पुढे काही झालं तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. मी तेव्हा दिले होते, आजही मनाला लागतं ते.

जोतं_ते_जिना
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मला हरकतीपेक्षा त्या पडवीचीच जास्त काळजी वाटतेय.

नऊ इंची विटेची भिंत, तीन मीटर उंच, तिचं वजन एका धावत्या मीटरला साधारण १३०० किलो होतं. तुमच्या पडवीच्या तीन बाजू मोजा, ५ आणि दोनदा १.८, म्हणजे ८.६ मीटर. दारं-खिडक्या वजा करूनही नऊ-दहा टन झाले. पडवी मुळात उघडी म्हणून बांधलेली, म्हणजे कडेला बहुधा दोन-तीन खांब आणि मध्ये भराव टाकून केलेली फरशी. आधीच्या मालकांनी त्या फरशीवरच भिंत चढवली असेल तर खाली पाया नाही. भिंतीला कोपऱ्यात तिरकी भेग आहे का, दार पावसाळ्यानंतर घट्ट बसतं का, बघा. आणि भिंतीलगत बाहेरून एक अर्धा मीटर लांब खड्डा हाताने खणून बघा, भिंत खाली कुठपर्यंत जाते ते दिसेल. मशीन लावू नका.

याच भिंतीला नवी खोली टेकवायची असा आर्किटेक्टचा विचार असेल तर आत्ताच थांबवा. आणि बाथरूमवर हजार लिटरची टाकी ठेवायचा बेत असेल तर ती भरली की एक टन, ते नकाशात आणि गणितात दोन्हीकडे यायला हवं.

परवानगीसाठी स्ट्रक्चरचं प्रमाणपत्र लागतं ते लोक शेवटच्या दिवशी सही आणायला म्हणून आणतात. माझ्याकडे असे लोक येतात, साइट न बघता सही द्या म्हणतात. मी देत नाही. तुम्हीही अशा माणसाकडून घेऊ नका, आई झोपणार आहे त्या छताखाली.

चाकं
ओसरीताई, माझे बाबा व्हीलचेअरवर होते म्हणून लिहितोय. आज आई धरून चालतात, पण नकाशा पुढच्या दहा वर्षांचा करा, कारण एकदा मंजूर झाला की दाराची रुंदी बदलायला पण सुधारित नकाशा मागतात काही ठिकाणी.

दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९०० मिमी मिळू द्या, चौकटीचं माप नाही, मोकळी. बाथरूममध्ये खुर्ची पूर्ण फिरायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, आत माणूस पडला तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही, हे आम्ही अनुभवलंय. उंबरा नको. भिंतीत धरायच्या दांड्या लावायच्या जागी वीट पोकळ नको, आधीच गवंड्याला सांगून ठेवा.

आणि उतार. एकास बारा धरतात, म्हणजे चढ एक तर लांबी बारा. तुमचं जोतं किती उंच आहे?

ओसरी
जोतं ४५ सेंटीमीटर.

चाकं
मग उतारच ५.४ मीटर लांब होईल, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. म्हणजे तो बाजूच्या मोकळ्या पट्टीतच येणार. त्या पट्टीत उतार चालतो का हे याच पत्रात विचारून घ्या. बांधल्यावर कळलं की चालत नाही, तर खोली होईल आणि आईंना आत न्यायला परत दोघं लागतील.

रात्रपाळी
तुमच्याकडे ऑनलाइन आहे का ऑफलाइन? ऑनलाइन असेल तर एक सांगतो, आमची फाईल दोनदा "प्लॉट एरिया शून्य" म्हणून आपोआप परत आली. आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी निघालं की ड्रॉइंगमध्ये प्लॉटच्या हद्दीची रेघ एका कोपऱ्यात जोडलेलीच नव्हती, डोळ्याला दिसत नाही पण सॉफ्टवेअरला हद्द बंद झालेली नाही म्हणून क्षेत्रफळच काढता येत नाही. लेअरची नावं पण त्यांनी दिलीत तश्शीच लागतात. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याला अपलोडच्या वेळी शेजारी बसवा, आणि सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट घ्या, तीच तुमची पोच.

ओसरी
सगळ्यांसाठी अपडेट, सहा आठवड्यांनी. इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलंत, म्हणून सगळं नीट सांगते.

खड्डा खणला. भिंत फरशीच्या खाली एक वीत पण जात नाही. कोबा, त्याखाली भरावाची माती, संपलं. कोपऱ्यात भेग आहेच, आम्ही दर वर्षी ती बुजवून रंग लावत होतो. त्या भिंतीला टेकून आम्ही आईची कॉट ठेवणार होतो. इंजिनिअरांना दाखवल्यावर ते म्हणाले नियमित करायचा विचारच सोडा, पाडा. त्यामुळे निर्णय सोपा झाला.

नवीन नकाशात पडवी पाडायची दाखवली, तिच्याच जागी नव्या पायावर बाथरूम आणि आत यायची वाट, १.८ रुंदीत १५०० चं वर्तुळ बसतंय. खोली त्याच्या मागे, चार बाय अडीच. एकूण १९ चौरस मीटर, आधीपेक्षा चार कमी, आणि मागचं अंतर पूर्ण सुटतंय, वर ६० सेंटीमीटर जास्तच. खोली लहान झाली याचं आईला काही वाटलं नाही, तिने फक्त खिडकी कुठे आहे ते विचारलं.

काकांनी सांगितलं तसं पत्र दिलं, शिक्का घेतला. बाराव्या दिवशी लेखी उत्तर आलं, चार त्रुटी, चारही नियम क्रमांकासह. त्यातली एक, शेजाऱ्यांच्या संमतीची, त्या नियमात वाचलं तर समाईक भिंत असेल तरच लागते, आमची नाही. तसं लिहून दिलं, ती त्यांनी काढली. उताराला बाजूच्या पट्टीत परवानगी आहे पण चालायला जागा सोडून, ती सोडली. टेबलावरचे जे साहेब होते ते वाईट माणूस नव्हते हो, त्यांच्याकडे फायलींची थप्पी छातीपर्यंत होती, मी वही उघडून तारखा सांगितल्या तर त्यांनी स्वतःच आमची फाईल शोधून वर काढली.

परवा मंजुरी आली. शीटवर शिक्का आहे, प्रत्येक पानावर. मी रडले थोडी.

एकच विचारायचंय, सोमवारी पडवी पाडायला घेतोय, ठेकेदार म्हणतो जोतं झालं की लगेच भिंती चढवू. मंजुरीच्या पत्रात जोत्यापर्यंत काम आल्यावर कळवावे असं आहे. कळवलं की काम चालू ठेवलं तर चालतं का?

टी_स्क्वेअर
अभिनंदन ताई. नाही, थांबा. कळवणं आणि तपासणी होणं या दोन गोष्टी आहेत, पत्रात तपासणी लिहिलीय का फक्त कळवणं ते परत वाचा. तपासणी असेल तर लेखी शेरा हातात येईपर्यंत जोत्यावर एक वीट पण नको, कारण मागच्या कुंपणापासूनचं अंतर तिथेच कायमचं ठरतं आणि तेव्हा चूक निघाली तर जोत्यापुरतीच निघते. पाडण्याआधी पडवीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तारखेसह. खड्ड्याचे पण. आणि मंजुरीची मुदत किती आहे, त्यात काम सुरू झालं नाही तर वाढवून घ्यावी लागते, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ओसरी
वाचलं. तपासणी लिहिलंय. ठेकेदाराला आत्ताच फोन केला, थांबतो म्हणाला. जोत्याचा अर्ज लिहून ठेवलाय, फक्त तारीख टाकायचीय.